कोयंडा नसलेलं कपाट

देवराव सर आठवले की आधी रंध्याचा आवाज येतो, लांब ओढलेला, शेवटाला किंचित धाप लागल्यासारखा. आणि त्यामागोमाग जुन्या सागाचा कडवट, तेलकट गंध. माघ उतरणीला लागलेला, किनवटच्या जंगलात पानगळीनं फांद्यांच्या रेषा मोकळ्या झालेल्या, आणि मुलींच्या वसतिगृहाच्या मागच्या खोलीत तिरप्या उन्हाचा एक पट्टा रोज त्यांच्या वाकलेल्या पाठीवरून सरकत दाराशी येऊन विझायचा. त्या उजेडात लाकडाचा कीस उडे, सरांच्या केसांत त्याची सोनेरी वेटोळी अडकत आणि मुली तोंडाला ओढणी लावून हसत.

मी नांदेडहून तिथे गेले ती वसतिगृहाच्या पाणीटंचाईवर संघटनेचं पत्रक काढायला. पत्रकात मागणी असते, निषेध असतो. माणूस मावत नाही. सर तर मुळीच मावेनात. मानधनावरचे तिरंदाजीचे प्रशिक्षक, उंच, बडबडे, बढाईखोर. मुलींची धनुष्यं तोवर खाटांखाली पडलेली, उंदरांनी बाणांची पिसं कुरतडलेली, ओलीनं बांबू वाकडा झालेला. कपाट मागून मागून सर थकले आणि मोडीत निघालेल्या दारांपासून ते स्वतःच बांधायला बसले. धनुष्यं उभी टांगायला कापड गुंडाळलेल्या खुंट्या, पिसं एकमेकांना घासू नयेत म्हणून बाणांसाठी भोकं पाडलेली फळी, आणि शेजारी एक जाडजूड टेबल, ज्याच्या दोन टोकांच्या खुंट्यांमध्ये दोरा ताणून प्रत्यंचा वळता येईल. झोपलेल्या लेकराचा ताप पाहावा तसा ते त्या फळीवर तळहात ठेवीत.

"सर, कपाट तुमच्यापरीस देखणं झालं की," रुक्मा म्हणाली. साऱ्या वसतिगृहात सर्वांत स्थिर हात तिचा.

"हाव. त्याला नवरी बघू नको, आधी आपला नेम बघ. कालपासून नुसतं भिताड मारून राहिलीस."

सगळे हसले, रुक्माही. पण तिच्या बापानं बजावलेलं होतं: उन्हाळ्याच्या तोंडावरच्या तिरंदाजीच्या निवड चाचणीत नाव लागलं तर शिक्षण, नाही तर लग्न. त्या खोलीतल्या प्रत्येक हसण्याखाली ती चाचणी दबा धरून बसलेली असे.

कपाटाला दारं लागली, पण कडी-कोयंडा लागेना. वॉर्डनबाईंनी बजावून पाहिलं, मीही विचारलं.

"ताई, तिरकमठ्याला कुलूप लावतेत व्हय? त्यो काय चोर हाय?"

जंगलातल्या त्यांच्या वस्तीवर धनुष्य दाराच्या चौकटीवर टांगलेलं असतं. धनी घरी असो-नसो, शेजाऱ्यानं गरजेला उचलावं. ते बांधून बंद करायचं ते फक्त घरातलं माणूस गेल्यावर. जित्या पोरींच्या धनुष्यांना कुलूप घालायला सरांचा हात धजेना.

मग नांदेडच्या कचेरीतून तपासणी आली. साहेबांनी खुंट्या पाहिल्या नाहीत, टेबल पाहिलं नाही. त्यांना दिसला तो नसलेला कोयंडा. "मुलींच्या वसतिगृहात असली वस्तू उघड्यावर?" एवढ्या एका वाक्यावर धनुष्यं जीपमध्ये चढली आणि 'सुरक्षिततेसाठी' नांदेडला गेली. त्याच वसतिगृहात न्हाणीच्या दाराला आतून कडी नव्हती. तिथे कुणाला सुरक्षितता आठवली नाही.

त्याच दुपारी सरांनी कोयंडा बसवला. स्क्रू शेवटपर्यंत पिळून त्यांनी रिकाम्या कपाटाला कुलूप घातलं. काम झाल्यावर म्हणाले, "तुमच्या कागदानं वापस येतील का, ताई?"

"येतील," मी म्हणाले.

मी अर्ज दिले, कुलपाचा फोटो जोडला, कचेरीच्या पायऱ्यांवर बसून घसा फोडला. साहेब दौऱ्यावर, साहेब बैठकीत, प्रक्रिया चालू आहे. समोर कुणी उलट बोललं तर मला भांडता येतं; इथे सगळे गोड बोलत होते, चहा विचारत होते, आणि चाचणी जवळ येत होती.

किनवटच्या मैदानात त्या दिवसांत रुक्मा रिकाम्या हातांनी उभी राही. डावा हात पुढे ताठ, उजवी मूठ हनुवटीशी, मध्ये फक्त चैत्राची कोरडी हवा. आणि मागे उभे राहून सर तिचं कोपर दोन बोटांनी असं वर उचलत, की क्षणभर मलाही ताणलेली दोरी दिसे. चाचणीला तिनं उसनं धनुष्य घेतलं. ते तिच्या बळापेक्षा ताठ निघालं. खांदा थरथरला, बाण भरकटले, नाव लागलं नाही. बाप येऊन तिची पेटी घेऊन गेला. तो काही दुष्ट माणूस नव्हता, बोलल्याप्रमाणे वागत होता, आणि त्याच्याशी भांडायला माझ्याकडे एकही घोषणा नव्हती.

परवा किनवटला गेले तर सर टेबलाला मेण चोळत बसले होते.

"रुक्माची काही खबर?"

"न्हाई," ते म्हणाले, आणि चोळत राहिले.

धनुष्यं येतील कदाचित. एखाद्या कागदावर एखादी सही कधीतरी होतेच. पण ज्या ऋतूत त्या पोरीचा हात स्थिर होता तो ऋतू परत मागायचा अर्ज कुणाच्या नावे लिहायचा, हे मला अजून कळलेलं नाही.