बरण्यांखालून रस्त्यावर

मी एक लांब फळी बोलतेय. हसू नका! मी लाँगबोर्ड आहे. माझ्यावर उभं राहून, चार चाकांवर, रस्त्यानं भन्नाट सुटायचं असतं. तरी माझ्या पाठीवर लोणच्याच्या तेलाचे तीन गोल डाग आहेत. ते कसे पडले, ते आधी ऐका.

लाकडाचे पातळ थर एकावर एक चिकटवून मला घडवलं. पुण्यात शिकणाऱ्या विवेकनं मला विकत घेतलं आणि परभणीला घरी आणलं. सुट्टीत तो धाकट्या बहिणीला, निकिताला, माझ्यावर उभी करायचा आणि दोन्ही हात धरून फिरवायचा. काय खिदळायची पोर! मग विवेकला लांब नोकरी लागली आणि मी पलंगाखाली गेले.

त्यांच्या आई, प्रमोदिनीबाई, शाळेत शिकवतात. वस्तू नुसती पडून राहिलेली त्यांना खपत नाही. त्यांनी माझे दोन्ही ट्रक, म्हणजे फळीखाली चाकं धरून ठेवणारे आडवे दांडे, चाकांसकट काढून भंगारात दिले आणि मला स्वयंपाकघरात भिंतीला ठोकलं. वर तीन बरण्या. चार वर्षं! जीव आंबून गेला माझा.

यंदा निकिता अकरावीत गेली. एका रविवारी तिनं बरण्या जमिनीवर ठेवल्या आणि मला उतरवलं.

"आई, मला ही चालवायचीय."

"चालव. पण एकदा जरी पडलीस, तर फळी परत भिंतीला. मग रडायचं नाही, सांगून ठेवते."

पुन्हा त्या बरण्या? नको गं बाई!

निकितानं जुन्या ट्रकची माझ्या अंगावर उरलेली आठ छिद्रं मोजली, त्यांचं माप देऊन नवे ट्रक आणि चाकं मागवली. छिद्रं तंतोतंत जुळली. ती खुशीत मला गल्लीच्या तोंडाशी मंगेशमामांकडे घेऊन गेली. मंगेशमामा ट्रॅक्टरचे मिस्तरी. त्यांनी मला उलटं धरलं, एक डोळा मिटून पाहिलं.

"छिद्रं बसली गं, पण दांडा लय आखूड हाय. फळी दोनी बाजूंनी दोन-दोन बोटं भाईर चाललीय. कडेवर पाय पडला की उलटलीच समज. चाक फळीच्या कडेखाली पायजे."

त्यांनी सुतळीनं माझी रुंदी मोजून दिली. आखूड ट्रक परत गेले, मापाचे आले. खरं सांगते, ते अंगाला लागताच मला माझे पाय परत मिळाल्यासारखं वाटलं.

पण मामांची सवय! ट्रॅक्टरचं नट ढिलं राहिलं की शेतात खोळंबा, म्हणून दिसेल ते नट आवळायचं. आता ट्रकच्या मधल्या मोठ्या बोल्टावर रबर असतं. ते दबलं की मी कलते, आणि कलले की वळते. मामांनी भला मोठा पाना लावून त्या बोल्टाचं नट आवळलं आणि रबर पार चपटं केलं.

"आता भूकंप झाला तरी हालणार न्हाई!"

अहो, मला हलायचंच तर आहे! पण फळीचं ऐकतो कोण?

दुसऱ्या दिवशी सकाळी कृषी विद्यापीठाच्या आवारात गेलो. बाई आल्या, आपलं काम बघायला मामाही आले. थोडा उतार, पुढे वळण. निकितानं छान अंग झुकवलं, पण मी वळेन तर शपथ. सरळ मेंदीच्या कुंपणात! तिचं कोपर सोलून निघालं.

बाईंनी तिला उठवलं, ओढणी झटकली आणि मला काखेत मारलं. "झालं समाधान? चल घरी. बरण्या अजून खालीच आहेत."

"मी झुकले होते गं आई! तीच वळली नाही."

"हो, आता फळीवर ढकल."

निकिताचे डोळे भरून आले. तेवढ्यात मामांनी मला बाईंच्या काखेतून घेतलं, रस्त्यावर ठेवलं आणि स्वतः चढले. चांगले वजनदार गृहस्थ. कडेवर जोर दिला, तरी मी ढिम्म. त्यांचा चेहरा उतरला.

"ताई, पोरगी पडली न्हाई. मी पाडली. तीस वर्षं नटं आवळायलोय, ढिलं किती ठेवायचं ते कुणी शिकवलंच न्हाई."

चारचौघांत असं कबूल करायला छाती लागते हो! त्यांनी खिशातून पाना काढला, नट थोडं सैल केलं. निकिताला वर उभं केलं, डुलायला लावलं. आणखी थोडं सैल केलं.

"तुझ्या वजनाला दबायलंय का?"

"दबायलंय, मामा!"

बाईंनी निकिताचं सोललेलं कोपर पाहिलं. मग म्हणाल्या, "एकदाच. शेवटचं."

उतार सुरू झाला. वळणावर तिनं टाचांवर भार टाकला, रबर दबलं आणि मी कलले. वळले! लिंबाच्या झाडाला वळसा घालून आम्ही पलीकडे निघून गेलो.

"अगं बाई!" मागून बाई ओरडल्या. "मला नीट दिसलं नाही! परत करून दाखव!"

हल्ली मी दारात, चपलांशेजारी असते. बरण्यांसाठी मामांनी दुसरी फळी ठोकून दिली. तिची नटं त्यांनी मनसोक्त आवळलीत.

तुमच्या घरात बरण्यांखाली एखादी फळी असेल, तर तिच्या अंगावरून एकदा हात फिरवा. आठ छिद्रं लागली, तर बरण्या उतरवा.