सुंदराबाईंचा खुबा

चेतनाच्या लग्नाला आठ वर्षं झाली होती. एवढ्या काळात सासूबाईंनी कुणाला ठणकावून काही सांगितलेलं तिनं ऐकलं नव्हतं. सुंदराबाई पालिकेच्या एका रुग्णालयात तीस वर्षं आयाबाई होत्या, एवढंच तिला ठाऊक होतं. निवृत्तीनंतर त्या गोवंडीच्या घरात गप्प गप्प वावरायच्या. बँकेत, दुकानात, डॉक्टरकडे त्यांच्या वतीनं चेतनाच बोलायची.

त्या रविवारी दोघी घाटकोपरच्या एका मॉलमध्ये चष्मा करायला गेल्या. लिफ्टसमोरची फरशी नुकतीच पुसलेली होती, पण तसं सांगणारी पाटी कुठे नव्हती. सुंदराबाईंचा पाय सटकला आणि त्या डाव्या अंगावर आपटल्या.

चार-पाच जण धावले. एकानं उचलायला त्यांच्या काखेत हात घातला.

"कुणी हात लावू नका," सुंदराबाई म्हणाल्या.

आवाज चढला नव्हता, तरी तो माणूस मागे सरला. त्यांनी दोन्ही पायांची बोटं हलवून पाहिली. मग चेतनाला विचारलं, डावा पाय आखूड दिसतोय का, पाऊल बाहेर वळलंय का. दोन्ही खरं होतं.

"खुबा मोडलाय. १०८ला फोन लाव."

कुणीतरी पाणी पुढे केलं. त्यांनी ते घेतलं नाही, ऑपरेशन करावं लागलं तर पोट रिकामं हवं म्हणाल्या. चेहरा पांढराफटक पडला होता, कपाळावर घाम डवरला होता, पण बोलणं सलग होतं. सफाईवाली बाई फरशी कोरडी करायला धावत आली, तेव्हा त्यांनी तिला थांबवलं आणि चेतनाला आधी ओल्या फरशीचे फोटो काढायला लावले. चप्पल तशीच पिशवीत ठेवायला सांगितली. पडताना पाहणाऱ्या दोघांची नावं आणि नंबरही घ्यायला लावले.

मॅनेजर एक कागद घेऊन आला. नुसती नोंद आहे, सही करा म्हणाला. चेतनानं पेन घेतलंसुद्धा. सुंदराबाईंनी तिला तो कागद मोठ्यानं वाचायला सांगितला. शेवटच्या ओळीत होतं की या पडण्यात मॉलची काही चूक नाही. सही करायची नाही, असं त्यांनी चेतनाला सांगितलं. जे झालं ते जसंच्या तसं लिहा, त्याची प्रत सुनेला द्या आणि कॅमेऱ्यातलं आजचं चित्रण जपून ठेवा, असं त्या मॅनेजरला म्हणाल्या. तो त्यांच्याशेजारी उकिडवा बसून लिहायला लागला.

लिहिता लिहिता त्यानं सफाईवालीकडे बोट दाखवलं, सगळी चूक हिचीच म्हणाला. शेवंती तिचं नाव; ती भिंतीला टेकून उभी होती. सुंदराबाईंनी तिला जवळ बोलावून विचारलं. तिन्ही मजल्यांना मिळून एकच पाटी होती आणि ती वरच्या मजल्यावर होती.

"हे पण लिहा," सुंदराबाई मॅनेजरला म्हणाल्या. "हिचं नाव नको. पाट्या किती आहेत ते लिहा."

जमिनीवर पडलेल्या बाईभोवती सगळे उभे होते आणि सगळे तिचंच ऐकत होते.

अँब्युलन्समध्ये चेतनानं विचारलं, "आई, हे सगळं तुम्हाला कसं ठाऊक?"

"वॉर्डात रोज अशी माणसं यायची. कुणी ओढून उचललेली, कुणाच्या घरच्यांनी नको तिथं सह्या केलेल्या. तीस वर्षं बघितलं. विचारलं कुणी नाही."

मग रस्त्यावरच्या खड्ड्यात गाडी आदळली आणि त्या पहिल्यांदा कळवळल्या. चेतनाचा हात त्यांनी इतका घट्ट धरला की बांगडी रुतली.

तिसऱ्या दिवशी ऑपरेशन झालं, चौथ्या दिवशी त्या वॉकर धरून उभ्या राहिल्या. पुढे महिन्याभरात मॉलनं चूक लेखी कबूल केली आणि उपचाराचा खर्च उचलला. शेवंतीची नोकरी टिकली.

पण चेतनाला आठवते ती पाचव्या दिवसाची संध्याकाळ. शेजारच्या खाटेवरच्या म्हातारीची लेक सुंदराबाईंकडे येऊन बसली होती. आईला कुशीवर कसं वळवायचं, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून काय करायचं, असं ती विचारत होती. सुंदराबाई हातानं करून दाखवत सांगत होत्या. मग पलीकडच्या खाटेजवळचे दोघेही आले. भेटायची वेळ संपल्याची घंटा वाजली, तरी चेतना स्टुलावरून उठली नाही. ऐकत बसली.