बरणीतला नागप्पा

शेषगिरी मास्तरांनी बरणीच्या झाकणाभोवतीचं मेण चाकूनं खरवडायला घेतलं. शाळा सुटली होती. शिपायाला त्यांनी चहाला पाठवलं होतं आणि विज्ञानाच्या खोलीचं दार आतून लोटून घेतलं होतं. आपण चोरी करतो आहोत असं त्यांना वाटत होतं, आणि ते अगदीच खोटं नव्हतं. बरणी त्यांनी स्वतः आणलेली असली तरी आतला नाग शाळेचा होता, निदान पोरांचा तरी होता.

झाकण सुटलं तसा फॉर्मॅलिनचा वास खोलीभर पसरला. मास्तरांनी सवयीनं मान फिरवून श्वास धरला. डोळे तरीही भरून आले.

"अप्पा, मी धरू का?" दारापाशी राखणीला उभ्या असलेल्या लेकीनं, विमलानं, विचारलं.

"लांबच राहा तू. त्रास होईल."

ती लांब राहिली. एके काळी राहिली नसती.

विमला पाचवीत होती तेव्हापासून ती बरणी धारवाडच्या त्या मराठी शाळेत होती. नवनगरच्या वसाहतीचे पाये खणले जात होते, तेव्हा मजुरांनी पहारीनं मारलेला हा नाग. त्याच्या तोंडात तांब्याचा पैसा घालून ते त्याला अग्नी देणार, एवढ्यात मास्तर तिथं पोचले, मुकादमाच्या हातापाया पडले आणि नागाला टॉवेलात गुंडाळून बसनं घेऊन आले. टॉवेलात काय आहे, असं शेजारच्या माणसानं विचारलं. मास्तरांनी खरं काय ते सांगितलं आणि घरापर्यंत सबंध बाकावर ऐसपैस बसून आले. ही गोष्ट ते वर्गात दरवर्षी सांगत, आणि पोरं दरवर्षी नव्यानं हसत.

श्रावणात पंचमी जवळ आली की बरणी वर्गात यायची. नाग दूध पीत नाही, मास्तर सांगत. पुंगीचे सूर त्याला ऐकू येत नाहीत, तो नुसता पुंगीच्या हलण्याकडे बघतो. धामण गाईच्या पायांना विळखा घालून दूध ओढत नाही. आणि डूख धरायला लागतं तेवढं डोकं देवानं सापाला दिलेलं नाही. डूख माणसं धरतात. पोरं आधी लांबूनच बरणीला हात जोडत, मग एकेक पाऊल पुढं येत, आणि तासाच्या शेवटी काचेला नाक लावून फण्यावरचा दहाचा आकडा बघत. नागप्पा हे नाव त्यांनीच ठेवलेलं. मास्तरांना सगळ्या नोकरीत खरं सुख काय ते त्या काचेवर उमटलेल्या नाकांच्या ठशांनी दिलं.

बरणीतलं औषध कमी झालं की भर घालायचं काम विमलाचं. ते ओतताना तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायचं आणि वर्ग "रडली, रडली" म्हणून चिडवायचा. ती नाक पुसत ठणकावून सांगायची, "मी रडत नाहीये. औषध रडवतंय." मास्तरांना त्या वाक्याचा जेवढा अभिमान वाटला, तेवढा पुढं तिच्या बी.एस्सी.च्या निकालाचाही वाटला नाही. तिची आई लवकर गेली. त्या घरात मग बाप, लेक आणि खरं-खोटं तपासून घ्यायची खोड, एवढंच उरलं होतं.

विमलाला दिली जुन्या हुबळीत, पितळी भांड्यांचं दुकान असलेल्या घरात. जावई गोविंद गरीब स्वभावाचा, आईसमोर तोंड न उघडणारा. दोनदा दिवस गेले आणि दोन्ही वेळा गर्भ राहिला नाही. सासूबाईंनी, अंबूताईंनी, पत्रिका दाखवली. माहेरी कुणाच्या हातून नाग मेला आहे का, असं ज्योतिष्यानं विचारलं. तेव्हा विमला हसली आणि म्हणाली, मारला कुणी नाही, पण आमच्या अप्पांच्या बरणीत एक आहे की. ते हसणं तिला फार महागात पडलं.

अंबूताई वाईट बाई नव्हती. नातवासाठी शिवलेली दुपटी तिनं दोनदा पेटीत परत ठेवली होती, आणि ते दुःख खोटं म्हणायची कुणाची छाती नाही. नागाला अग्नी मिळाला नाही, उलट वर्षानुवर्षं त्याला पोरांसमोर मांडला, त्यानं शाप देऊ नये तर काय करावं, असं तिचं म्हणणं. वर मास्तरांचं नावच शेषगिरी, त्यांना एवढं कळू नये? सर्पसंस्कार करायचा. माणसाला देतात तसा अग्नी द्यायचा, क्षौर करायचं, सूतक पाळायचं. तोवर विमलानं माहेरी राहावं.

मास्तर अडून बसले. विमला आणि गोविंद दोघांना हुबळीच्या मोठ्या दवाखान्यात घेऊन गेले. डॉक्टरीणबाईंनी सगळं तपासलं आणि सांगितलं, शरीरात काही दोष नाही, धीर धरा. मास्तर जिंकल्यासारखे बाहेर आले. अंबूताईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि त्या म्हणाल्या, बाईच सांगतायत ना शरीरात दोष नाही म्हणून. मग तो दुसरीकडं कुठं तरी असणार.

पंचमी गेली, गौरी-गणपती गेले. गोविंद दर रविवारी यायचा, पुढच्या खोलीत चहा प्यायचा आणि चपला घालून निघून जायचा. शेजारणी विचारून विचारून दमल्या आणि मग विचारेनाशा झाल्या, ते जास्त वाईट होतं. एका सकाळी भाकरी थापता थापता, मागं न बघता, विमला बोलली.

"अप्पा, मला ठाऊक आहे. तुम्हालाही ठाऊक आहे. मग करून टाकायला काय जातंय?"

"काय जातंय ते तुला कळत नाही?"

"कळतंय की. पण मला घरी जायचंय." तिनं तव्यावरची भाकरी उलटली. "साकु, अप्पा. पुरे झालं आता."

मास्तरांनी अर्धी भाकरी ताटात तशीच ठेवली आणि संध्याकाळी पुरोहित बाळाचार्यांच्या घरी जाऊन दिवस ठरवून आले. त्यांनी स्वतःची समजूत घातली. हे नाटक आहे. शाळेत गॅदरिंगला करतात तसं, मिशी काढून करायचं नाटक. ते नाटक आहे हे जगात दोघांना माहीत आहे, आणि दोघं म्हणजे काही थोडे नव्हेत.

बाळाचार्यांच्या ओळखीच्या एका मळ्यात, विहिरीजवळ, सगळी मांडणी झाली. लहान मुलं भातुकलीला चूल मांडतात तेवढी चिता. क्षौर झालं, मास्तरांनी ओल्या पंच्यानं नागप्पाला दर्भावर ठेवलं. फणा पसरून राहावा म्हणून त्यांनी एके काळी लावलेल्या टाचण्या अजून होत्या. त्या त्यांनी एकेक करून काढून घेतल्या. तोंडात तांब्याचा पैसा काही जाईना, जबडा लाकडासारखा झाला होता. बाळाचार्य म्हणाले, राहू द्या, शेजारी ठेवा.

नागप्पा पेट घेईना. इतकी वर्षं मुरलेलं औषध. वरून तूप घातलं, कापूर घातला, तेव्हा एकदाचा धूर निघाला, आणि तो धूर नव्हताच, तीच ती बरणीतली वाफ, शंभर पट. बाळाचार्य मंत्र म्हणता म्हणता खोकले आणि दहा पावलं मागं गेले. मास्तरांना मागं जाता येईना, कर्ते तेच. त्यांच्या डोळ्यांतून धारा लागल्या. त्यांनी पंचा डोळ्यांना लावला, काढला, पुन्हा लावला, आणि खांदे गदगदून हलेपर्यंत खोकले. विहिरीच्या पलीकडं उभ्या असलेल्या अंबूताईंनी पदर तोंडावर दाबला. चुकलं त्यांचं, कळलं त्यांना, असं त्या गोविंदाला सांगत होत्या.

ते शब्द मास्तरांच्या कानांवर पडले आणि त्यांना हसू आवरेना. गोंदानं चिकटवल्यासारखे झालेले डोळे त्यांनी कसेबसे उघडले आणि विमलाला शोधलं. ती वारा येत होता त्या बाजूला, चिंचेखाली उभी होती. तिथवर वास जात नव्हता. या हसण्यात आता तिनं सामील व्हावं, एवढीच त्यांची इच्छा होती. पण पाण्यामुळं तिचा चेहरा काही नीट दिसला नाही.

सूतक संपवून मास्तर शाळेत गेले तेव्हा पोरं त्यांच्या ओठांवरच्या मोकळ्या जागेकडं बघत राहिली. शेवंता नावाच्या एका मुलीनं विचारलं, सर, घरात कोण वारलं? कुणी नाही, मास्तर म्हणाले. मग नागप्पा कुठाय? बरणी फुटली, असं त्यांनी सांगितलं. वर्गात धडधडीत खोटं बोलायची त्यांची ती पहिली वेळ. पुढच्या श्रावणात त्यांनी तोच धडा भिंतीवरच्या तक्त्यावरून शिकवला, आणि तक्त्याला कुणी नाक लावलं नाही.

तोवर सासरी परतलेल्या विमलाला पुन्हा दिवस गेले होते, आणि या वेळी सगळं नीट होतं. दिवाळीनंतर मुलगा झाला.

मास्तरांना आनंद झाला, तो लपवण्यासारखा नव्हता. दवाखान्याच्या पायरीवर बसून ते लहान मुलासारखे हसले. पण सुभाष रोडवर पेढे घ्यायला गेले तर दुकानदार पुडा बांधता बांधता म्हणाला, "आतल्ला, मास्तर? शेवटी झालं की नाही?" मास्तरांनी त्याला समजावलं, डॉक्टरीणबाईंनी धीर धरा म्हटलंच होतं, विधी न करता सुद्धा झालंच असतं. दुकानदार मान हलवून हसला. फार प्रेमळ हसू होतं ते, आजारी माणसाच्या हट्टाला हसतात तसं. त्यानंतर पालक शाळेत येऊ लागले, पोरांच्या मार्कांचं विचारायला नव्हे. विधी कुठं केला, बाळाचार्य काय काय सामान सांगतात, खरा नाग नसला तर पिठाचा चालतो का. काचेला नाक लावणाऱ्या पहिल्या पहिल्या तुकड्यांतली पोरंही त्यांत होती. मास्तर सगळ्यांना धीर धरा म्हणून सांगत, आणि सगळे तसेच हसत. जे वर्षानुवर्षं शिकवलं ते एका पाळण्यानं पुसलं, आणि त्या पाळण्याचा दोष धरावा तरी कसा?

बारशाला मास्तर हुबळीला गेले. नाव ठेवलं नागेश. दुसरं काही ठेवतील अशी आशा त्यांनी धरलीच नव्हती. बायका ओट्या भरण्यात गुंतल्यावर ते आतल्या खोलीत गेले. विमला बाळाला छातीशी घेऊन खाटेवर बसली होती. तिचं सगळं अंग भरलं होतं आणि चेहऱ्यावर कुठंही काळजी नव्हती. मास्तर शेजारी बसले, मांडी सारखी केली आणि दोन्ही हात पुढं केले.

तिनं बाळ दिलं नाही.

"अप्पा, एक सांगायचं होतं. आता तो धडा शिकवू नका."

"कुठला?"

"तुम्हाला ठाऊक आहे."

बाहेर कुणी तरी घुगऱ्या वाटत होतं. "विमल," ते हळूच म्हणाले, "आपण दोघांनी ठरवून केलं होतं ना ते? नाटक म्हणून?"

"मी पण तसंच म्हणत होते. मळ्यात येईपर्यंत म्हणत होते." तिनं बाळाचं टोपरं नीट केलं. "मग तुम्ही रडलात. अप्पा, आई गेली तेव्हाही मी तुम्हाला तसं रडताना बघितलं नव्हतं. मला वाटलं, अप्पांना जे आतून कळलंय, ते मला कळायला नको?"

"औषध होतं ते. फॉर्मॅलिन. तुला नाही ठाऊक?"

विमला हसली. तेच प्रेमळ हसू, पेढ्याच्या दुकानातलं. तिनं मोकळ्या हातानं पदर घेऊन त्यांचा गाल पुसला, आणि तेव्हा मास्तरांना कळलं की गाल ओला आहे, आणि इथं जवळपास कुठं बरणी नाही.

"नाही ना शिकवणार?" तिनं विचारलं.

मास्तरांचे हात अजून पुढंच होते.

"नाही," ते म्हणाले.

मग तिनं बाळ त्यांच्या मांडीवर दिलं.