सपाट पडदा

वुकोताचं टीव्हीशी भांडण बर्फ पडायच्या आधीच सुरू झालं होतं. फुटबॉलच्या मैदानावरची पांढरी रेघ मध्येच वाकायची, बातम्यांच्या पट्टीला लाट यायची, आणि वुकोता उठून टीव्हीच्या डोक्यावर चापटी मारायचा. बायको स्तानोय्का आपली तुर्की मालिका बघताना म्हणायची, "मला तर छान दिसतंय." त्यावर हा म्हणायचा, "तुला काय, रडणारी बाई दिसली की झालं!"

टीव्हीच कशाला, गवंड्याने न्हाणीघरातल्या फरशा तिरक्या बसवल्या म्हणून त्याच्याशीही वुकोताने बोलणं टाकलं होतं. दरीच्या रस्त्यावरचा मधला पट्टा कामगारांनी राकिया ढोसून रंगवलाय, असं तो शाळेच्या बसमधल्या पोरांना सांगायचा आणि पोरं खिदळायची. नाचता येईना अंगण वाकडे, हे त्याला तोंडावर सुनवायची छाती गावात कुणाची नव्हती. पिवा नदीच्या वरच्या वाड्यांमधून पोरं गोळा करून प्लुझिन्याच्या शाळेत पोहोचवणारा तो एकच ड्रायव्हर. या पोरांचे बापसुद्धा त्याच्याच बसने शाळेत गेले होते, आणि आजवर गाडीला साधा ओरखडा नव्हता. माणसाला मग थोडा माज येतोच.

मे महिन्यातल्या एका शनिवारी दोघं नवा टीव्ही घ्यायला निकशिच शहरात गेले. दुकानाची एक भिंतच्या भिंत टीव्हींनी भरलेली होती आणि सगळ्यांवर एकच सामना चालू होता. वुकोताने एक नजर टाकली आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"मुली, हे वाकडे पडदे मला नकोत. सपाट दाखव."

विक्रेती नेवेना हसली. "काका, वाकडे आता येतच नाहीत. चार दिवसांची हौस होती ती, मिटली. हे सगळे सपाटच आहेत. तुम्ही एवढंच ठरवा, एलईडी घ्यायचा की ओएलईडी. खोलीत ऊन भरपूर येत असेल तर एलईडी बरा. पण ओएलईडीचा काळा रंग म्हणजे खरा काळा! आणि बघता किती लांबून?"

"लांबून कसला!" स्तानोय्का म्हणाली. "हल्ली नाक लावून बघतो हा."

"तू गप गं." वुकोताने जवळच्या टीव्हीकडे बोट केलं. "मग ही मधली रेघ काय आहे? सरळ आहे? मला काय खुळा समजतेस?"

"सरळच आहे की, काका."

"वाकडी आहे! म्हाताऱ्यांच्या गळ्यात टाकाऊ माल मारायचा धंदा आहे का तुमचा?"

दुकानातली माणसं वळून बघायला लागली. नेवेना गोरीमोरी झाली, पण पोर जिद्दीची. तिने एका खोक्याचं कोरं, कडक झाकण उचललं आणि त्याची कड पडद्यावरच्या रेघेला बरोबर लावली. "हे बघा. केसाचासुद्धा फरक नाही."

वुकोताने बघितलं. रेघ वाकडी होती. आणि पुठ्ठ्याची कडही तिच्याबरोबर तशीच वाकली होती.

त्याने डोळे चोळले. मग कुणाला कळू नये म्हणून भुवई खाजवायचं निमित्त करून डावा डोळा झाकला. समोर उभ्या नेवेनाचं तोंडच गेलं. केस होते, कानातले डूल होते, मधे नुसता करडा डाग. उजवा डोळा झाकला तर तोंड परत आलं, पण त्याचीही एक बाजू ओघळल्यासारखी दिसत होती.

त्याला आई आठवली. दिसेनासं झाल्यावर ती शेवटची वर्षं घराच्या दारापासून विहिरीपर्यंत बांधलेल्या दोरीला धरून चालायची. ती दोरी त्यानेच बांधली होती.

"द्या मग हाच," तो पुटपुटला.

"अगं बाई," स्तानोय्का म्हणाली, "एवढा तमाशा केलास आणि आता किंमतही विचारत नाहीस?"

खोकं मोटारीच्या मागच्या सीटवर कसंबसं बसलं. निकशिच मागे पडलं, दरी सुरू झाली. उजव्या हाताला खाली, फार खाली, तळ्याचं हिरवं पाणी. स्तानोय्का टीव्ही कुठल्या भिंतीला लावायचा ते बोलत होती आणि वुकोताला त्यातलं अक्षर ऐकू येत नव्हतं. रोजचा रस्ता, पण आज पहिल्यांदा तो खरोखर त्याच्याकडे बघत होता. मधला पट्टा सापासारखा पाण्याच्या बाजूला सरकत होता. इतके महिने आपण बघून चालवत नव्हतो, नुसतं आठवून चालवत होतो, हे त्याला कळलं.

बोगद्यातून ट्रक आला. वुकोताला तो दिसलाच नाही. आधी भोंगा ऐकू आला, मग स्तानोय्काची किंकाळी, आणि करड्या डागातून अचानक लोखंडाची भिंत बाहेर पडली. त्याने स्टिअरिंग फिरवलं. ट्रकचा आरसा त्यांच्या आरशाला उडवून निघून गेला.

रस्त्याकडेच्या मोकळ्या जागेत त्याने गाडी थांबवली.

"झोप लागली होती का मेल्या?" स्तानोय्का छातीवर हात धरून ओरडली.

"स्तानोय्का, तो मधला पट्टा सरळ आहे की वाकडा?"

"सरळ. का?"

त्याने सांगितलं. रेघ, पुठ्ठा, त्या पोरीचं नसलेलं तोंड, सगळं. मग अजिजीने म्हणाला, "रस्ता मला पाठ आहे गं. जूनमध्ये सुट्टी लागते. तोवर हळूहळू चालवीन, मग जाईन डॉक्टरकडे. आत्ता बोललो तर बस काढून घेतील. मग मी कोण?"

"रस्ता तुला पाठ आहे," स्तानोय्का म्हणाली. "समोरून येणाऱ्याला तू पाठ आहेस का?"

वुकोताने खिशातून फोन काढला आणि शाळेच्या हेडमास्तरांना, ओब्रेनला लावला. दोघं लहानपणापासूनचे दोस्त.

"सोमवारी बस येणार नाही, ओब्रेन."

"का रे? बिघडली?"

हो म्हणणं किती सोपं होतं! टीव्ही बिघडला, फरशी बिघडली, पट्टा बिघडला, तशीच बसही बिघडली असती.

"बसला काही झालेलं नाही," वुकोता म्हणाला. "मला दिसत नाहीये."

"म्हणजे? आजपासून?"

"नाही. बर्फ पडायच्या आधीपासून."

"वुकोता," ओब्रेन म्हणाला, "माझी नात, दुन्या, तुझ्या मागच्याच सीटवर बसते."

"हो," वुकोता म्हणाला. "रोज गाणी म्हणते."