मऊ जमिनीतला पाव

तीस वर्षं मी लोकांना आग लावू नका असं सांगत आले. सरकारी वाळवंटावर फलक रोवले आणि शिकाऱ्यांच्या शेकोट्या विझवल्या. राखेवर हाताची पालथी बाजू ठेवून ऊब तपासायची, हे नव्या पोरापोरींना मीच शिकवलं. कचेरीतले मला 'आगवाली मावशी' म्हणतात. नेवाडातली थॉर्न क्रीकची दरी जिच्यामुळे जळाली ती ही मावशीच, हे मात्र त्यांना ठाऊक नाही.

या एप्रिलात दरीत पुन्हा मेंढ्या आणायच्या ठरल्या. आम्ही ज्याला फसवं गवत म्हणतो ते मार्चमध्ये हिरवंगार असतं आणि जूनमध्ये नुसता बारूद. ते हिरवं असतानाच मेंढ्यांनी रस्त्याकडेचा पट्टा खाऊन टाकला, की जुलैत आग तिथवर येऊन थांबते. साहेबांनी हा शोध नकाशांसकट मांडला. स्पेनकडून इथे आलेले आमचे बास्क धनगर हेच काम शंभर वर्षं बिननकाशाचं करत होते, पण ते असो.

जुना रस्ता दाखवायला जाणता माणूस हवा होता, आणि असा एकच उरला होता. गानिशकाका माझ्या वडिलांचे मेंढपाळ होते. वय चौऱ्याऐंशी. वणव्यानंतर त्यांचं काम सुटलं आणि पुढची सगळी वर्षं त्यांनी गावातल्या खाणावळीत भांडी घासली. दरीत त्यांनी पुन्हा पाऊल टाकलं नव्हतं. मी विचारलं तेव्हा ते लगेच येतो म्हणाले. या वेळी त्यांना खरं सांगायचंच, असं मी ठरवलं होतं.

गाडीतून उतरल्यावर ते काठी टेकून दरीकडे बघत उभे राहिले. पूर्वी इथे कमरेएवढी सेजची झुडपं होती आणि पाऊस पडून गेला की त्यांचा कडू वास अंगाला चिकटायचा. आता सगळीकडे ते गवत. मला त्या वासाची आठवण आली.

"विल्बर कोण?" काकांनी विचारलं.

"मीच, आजोबा." पेरू देशातून आलेला मेंढपाळ पुढे झाला.

"मेंढ्या वाऱ्याला तोंड करून चालव, पाठ करून नको. आणि पाव कुठे भाजतोस?"

"दुकानातून आणतो."

"अरेरे," काका म्हणाले. "एवढ्या लांबून आलास, आणि दुकानातला पाव खातोस?"

विल्बर हसत मेंढ्यांकडे गेला. मी काकांना ओढ्याकाठच्या सपाटीवर नेलं. मेंढ्या पूर्वी इथेच बसायच्या. वर्षानुवर्षांच्या लेंड्या दबून जमीन गादीसारखी झालेली.

"काका, त्या दिवशी मी शिधा घेऊन आले होते. तुम्ही कळपामागे वर होता. पाव माझ्याच निखाऱ्यांच्या खड्ड्यात भाज, असं सांगून गेला होता."

"खडीतला खड्डा. चांगला खड्डा होता तो."

"मी त्यात भाजला नाही. त्याच्या निखाऱ्यांना माझ्या पावापुरती धग नव्हती, आणि खडीत दुसरा खणला तर हाताला फोड आले असते. म्हणून इथे खणला, मऊ जमिनीत. भांडं पुरलं, पाव झाला, माती लोटली आणि तुम्हाला सांगितलं की तुमच्याच खड्ड्यात भाजला. खाली लेंड्या धुमसत राहिल्या. चार दिवसांनी वारा सुटला. अधिकाऱ्यांना खड्डा सापडला आणि तुम्ही माझा म्हणालात. मला वाटलं, तुम्हाला खरंच तसं वाटतंय. मी एकोणीस वर्षांची होते. गप्प बसले, आणि मग गप्पच राहिले."

काका खाली दगडावर बसले.

"पावावर क्रूस कोरून पहिला तुकडा मी बेल्त्साला टाकला, आठवतं?"

कुत्र्याला पहिला तुकडा द्यायचा हा आमच्याकडचा रिवाजच.

"आठवतं."

"त्याने हुंगलं आणि तोंड फिरवलं. मेलेला कोल्हा खाणारं कुत्रं ते. मग मी चावून पाहिला. पोरी, तुझ्या पावाला लेंडीच्या धुराचा वास होता."

"म्हणजे तुम्हाला तेव्हाच कळलं होतं?"

"पहिल्या घासाला. तू हौसेने बघत होतीस, म्हणून चांगला झालाय म्हणालो. तू गेलीस की खड्डा उकरून पाणी ओतायचं असं मनात होतं. पण कळप चढावर होता, पाय दुखत होते. म्हटलं उद्या बघू. दुसऱ्या दिवशी तळ हलवला आणि विसरलो." त्यांनी काठीने जमीन उकरली. "अधिकाऱ्यांनी विचारलं, कुणाचा? माझा म्हणालो. त्यात खोटं काय होतं?"

"मग मला का नाही सांगितलंत कधी?"

"आग त्या खड्ड्यातून लागली हे तुला माहीत नाही, असं वाटायचं मला. तू आगीच्या खात्यात नोकरीला लागलीस. म्हटलं, पोरगी आनंदाने काम करतेय, तिच्या डोक्याला कशाला ताप?"

मी मोठमोठ्याने रडले. काकांनी रडू दिलं.

परत निघताना विल्बरची सकाळची चूल वाटेत लागली. मी सवयीने वाकले आणि राखेवर पालथा हात ठेवला. गार होती.

"विझलीय," मी म्हटलं.

काका काठी टेकत कष्टाने खाली बसले आणि त्यांनी माझ्या हाताशेजारी आपला हात ठेवला. बराच वेळ ठेवला.

"विझलीय," ते म्हणाले. "तरी एक बादली आण."

मी ओढ्यावर गेले.