निकिताचा जबडा आणि माझं पातं

मी एक जुना मायक्रोटोम आहे. नाव ऐकून दचकू नका मित्रांनो, काम अगदी स्वयंपाकघरातलं आहे. तुमची आई काकडीचे काप करते ना, तसे मी माणसाच्या अंगातल्या गाठींचे काप करतो. फरक इतकाच, की माझा काप तुमच्या केसाच्या दहाव्या हिश्शाहूनही पातळ असतो. गाठीचा तुकडा मेणात बसवून माझ्या पकडीत धरायचा, चाक फिरवायचं, की पात्यावरून कापांची फीत सुटते. ते काप काचेवर रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले, की गाठ कसली आहे ते डॉक्टरांना कळतं.

नारायण पेठेतल्या डॉ. वासंतीबाईंच्या प्रयोगशाळेत मी १९८६ साली आलो. ओतीव लोखंडाचा, चांगला जडशीळ. त्याच वर्षी दशरथ तिथे कामाला लागला. खडकीहून सायकल हाणत यायचा आणि चहाच्याही आधी मला फडक्याने पुसायचा. चाकाला तेलाचा थेंब, पात्याला धार, सगळं वेळच्या वेळी. दसऱ्याला मला हळद-कुंकू वाहायचा, झेंडूची माळ घालायचा आणि येईल त्याला सांगायचा, "हा आहे म्हणून आपण आहोत!" मी भोळा. मी ते खरं मानलं.

मग पुण्याला कॉम्प्युटरचं वेड लागलं. जो तो क्लास लावत होता. दशरथनेही लावला, दुपारी चारचा. शिकावं की माणसानं, माझं काही म्हणणं नव्हतं. पण त्याचं निम्मं लक्ष घड्याळात राहू लागलं. तेल राहिलं, फडकं राहिलं, आणि टेबलावर परदेशी यंत्राचं गुळगुळीत माहितीपत्रक येऊन पडलं. दशरथ ते माझ्याच अंगावर ठेवून वाचायचा!

अशात निकिताचा तुकडा आला. विश्रांतवाडीची चौदा वर्षांची मुलगी, वरच्या जबड्यात गाठ. अशा गाठी क्वचित दिसतात. तिच्या गाठीबद्दल दोन शक्यता होत्या. एका जातीची गाठ हाडात पसरत जाते, तिच्यासाठी जबड्याचा भागच कापून काढावा लागतो. दुसरी नुसती खरवडून काढली की भागतं. दोन्हींपैकी एकही कर्करोग नव्हे, पण पहिलीत पोरीचा चेहरा जाणार होता.

त्या तुकड्यात हाड होतं. हाड असलं की तुकडा आधी सौम्य ॲसिडमध्ये ठेवतात आणि रोज सुई टोचून मऊ झाला का ते बघतात. चार-पाच दिवस जातात. बाईंचा तसा दंडकच होता. पण दशरथला क्लास गाठायचा होता. त्याने कडक ॲसिडची बाटली ओतली आणि शनिवारी दुपारी निघून गेला. तुकडा सोमवारपर्यंत त्यातच पडून राहिला. मी काप काढले, पण पेशी केव्हाच करपल्या होत्या. त्यांनी निळा रंग धरलाच नाही. सगळी काच नुसती गुलाबी.

"दशरथ, हे काय झालंय?" बाईंनी विचारलं.

"मशीन थकलंय बाई. पातं थरथरतं. आता नवंच घ्या."

अरे! तेरा वर्षं ज्या हातांनी मला पुसलं, ते माझ्या चाकावर ठेवून हा माणूस हे बोलला. बाईंनी मान डोलावली. मला वाचा नाही, नाहीतर सगळी पेठ गोळा केली असती.

दुसऱ्या दिवशी निकिताची आई, कांताबाई, आली. "सर्जन म्हणतात, नक्की कळलं नाही तर जबडाच काढावा लागेल. पोरगी आरशासमोरून हलत नाही हो. एकदा नीट बघा ना बाई!"

गाठीचे उरलेले तुकडे टिकवायला फॉर्मॅलिनमध्ये ठेवतात, ती बरणी बाईंनी शोधली. तळाशी वाटाण्याएवढा तुकडा उरला होता. या वेळी त्यांनी तो कुणाच्या हाती दिला नाही. सौम्य ॲसिड स्वतः घातलं, रोज स्वतः सुई टोचली आणि पाचव्या दिवशी स्वतः माझ्यापुढे बसल्या. तेलाशिवाय माझं चाक कुरकुरत होतं, तरी मी जीव ओतला. एकही काप फाटला नाही. काचेवर पेशी न् पेशी निळी उमटली.

"दुसरी जात आहे!" बाई जागच्या उठल्या. "वाचला पोरीचा जबडा!"

मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि दशरथकडे वळल्या. "पातं थरथरतं म्हणालास ना? कुठलं ॲसिड घातलं होतंस?"

"कडक," तो जमिनीकडे बघत म्हणाला.

मला वाटलं, चला, सुटलो. इतक्यात सर्जनचा फोन आला. निकाल सांगून झाल्यावर बाई हसल्या आणि म्हणाल्या, "हो हो, पहिल्यांदा घोळ झाला खरा. मशीन जुनं झालंय हो आमचं. नवं येतंय आता."

दशरथचं मी एक वेळ समजू शकतो, तो घाबरला होता. बाईंना तर सगळं ठाऊक होतं.

महिन्याभरात मला माळ्यावर टाकलं. दसऱ्याला निकिता आईबरोबर पेढे आणि आपट्याची पानं घेऊन आली. ती मोकळं हसली, तेव्हा गाठीबरोबर तिचा एक सुळा गेलेला दिसला. बाकी चेहरा अख्खा होता. "या मशीननं वाचवलं का मला?" तिने नव्या यंत्राकडे बोट दाखवून विचारलं. झेंडूची माळ त्याच्याच गळ्यात होती. दशरथने एकदा वर माळ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "हो, यानंच."

मित्रांनो, तुमच्या सायकलीला, शिलाई मशीनला, कंपासपेटीला दसऱ्याला फूल वाहिलं नाही तरी चालेल. फक्त तुमच्या हातून काही चुकलं, तर ते त्यांच्या माथी मारू नका. आम्हाला उलटून बोलता येत नाही.