चार बोटं आणि एक पेर

"पन हे गढूळ कावून?"

मन्मथप्पांनी काचेचा पेला दारातून येणाऱ्या उन्हाच्या तिरिपेत धरला होता, आणि हाच प्रश्न त्यांनी मघापासून निरनिराळ्या शब्दांत विचारून पाहिला होता. पेल्यातल्या पेयाचा पिवळा रंग हळदीच्या दुधाकडे झुकणारा होता. पलीकडे रचलेली मोसंबीची क्रेटे त्यातून दिसत नव्हती. ज्या माणसाने बीडच्या मोंढ्यात सारा जन्म फळांची आडत केली, त्याच्या लेखी गढूळपणा म्हणजे नासण्याची पहिली खूण.

"मुद्दाम तसं करतात, अप्पा," शिवानी म्हणाली. "गहू आन ओट घालायचे, शेवटाला गाळायचं न्हाई. त्यानं बिअरचं अंग मऊ येतं. ह्याला हेझी आयपीए म्हनतात."

"नाव दिल्यानं दोष जात न्हाई."

"तुमी मोसंबीचा रस गाळून पिता का?"

मन्मथप्पा थांबले. प्रतिपक्षाचा मुद्दा खरा असेल तर तो तत्काळ मान्य करायचा आणि विलंब न लावता दुसरा काढायचा, ही त्यांची वादाची रीत होती. तिच्यामुळे मोंढ्यात त्यांच्याशी भांडणे अवघड आणि त्यांच्यावर रागावणे त्याहून अवघड झाले होते.

"बरं. रूप मान्य. फेस मात्र लगेच बसला."

"पेला तुमचा तेलकट हाय."

"तेबी मान्य."

शिवानी सूक्ष्मजीवशास्त्र शिकली होती आणि पुण्याच्या बाहेर, फळांच्या वासाची बिअर थोड्या प्रमाणात करणाऱ्या एका लहान कारखान्यात नोकरीला होती. बेत सर्वस्वी तिचा, असे हे पहिलेच पेय. येत्या सोमवारी मालक आणि चव घेणारे जाणकार त्याला पाचपैकी गुण देणार होते, आणि ते बाजारात जाणार की मोरीत, याचा निकाल त्यावर लागणार होता. त्याआधी तिला एका नाकाचा कौल हवा होता. म्हणून बर्फाच्या पेटीत बाटल्या घालून ती बीडला आली होती.

मन्मथप्पांच्या गळ्यात इष्टलिंग होते. मद्याचा थेंब त्यांच्या ओठाला कधी लागला नव्हता आणि आजही लागणार नव्हता. याविषयी बापलेकींत वाद नव्हता. मुलीने ही नोकरी धरली तेव्हा तो झाला होता, चांगला लांबला होता, आणि त्यात कोणीही हरले नव्हते. आज ठरले होते ते असे की, रूप आणि वास मन्मथप्पांनी पाहावा, आणि चवीचा भार गेवराईकडून मोसंबी घेऊन आलेल्या धोंडीरामने उचलावा. धोंडीरामने हा भार संशय यावा इतक्या तत्परतेने उचलला होता.

"कसं लागतंय, काका?" शिवानीने विचारले.

"पयलं गोड वाटतंय, मागून कडू व्हतंय," धोंडीराम विचारपूर्वक म्हणाला. "सोयरीक जमवल्यावानी."

मन्मथप्पा हसले नाहीत. त्यांनी पेल्यावर तळहात झाकला, पेला दोनदा फिरवला, हात काढला आणि डोळे मिटून नाक आत घातले. फळांची पेटी उघडली की ते असाच वास घेत. मग ते सावकाश बोलू लागले. पहिल्याने आढीचा वास आला, म्हणाले. भाताच्या पेंढ्यात केशर आंबा पिकायला घातल्यावर खोलीचे दार उघडताच येतो तो. त्याच्या मागून अननस, पण कापलेला नव्हे, सालीसकटचा. तळाशी ओल्या देवदाराच्या फळीसारखे काहीतरी होते, त्याचे नाव त्यांना सांगता येईना.

"ते हॉपचं. वेलीची फुलं असतात ती," शिवानी म्हणाली. "आंबा, अननस बी त्याच्यातूनच येतो. फळ म्हनून मी फक्त मोसंबीची साल घातलीय. तुमी पाठवली त्या मोसंबीची."

मोसंबीचा उल्लेख होताच मन्मथप्पांनी पेला पुन्हा नाकाशी नेला आणि या खेपेला बराच वेळ तिथेच ठेवला. पुढे काही न बोलता त्यांनी खांद्यावरचे उपरणे काढले आणि आपल्या उजव्या हातावर पसरले. शिवानीने, जणू मधली सारी वर्षे गेलीच नव्हती अशा सहजतेने, आपला हात त्या उपरण्याखाली घातला.

इथे उपरण्याविषयी सांगणे भाग आहे. मोंढ्यात एके काळी सौदे हत्त्याने होत; कापडाखाली एकाने दुसऱ्याची बोटे दाबायची, बोटांवरून भाव सांगायचा, आणि भोवतालच्या गर्दीला काहीच कळू द्यायचे नाही. त्यात लबाडी चाले म्हणून ती पद्धत बंद झाली आणि उघड लिलाव आला. मन्मथप्पांनी लिलाव पाळला. पण लिलाव आटोपल्यावर, शेतकऱ्याने माल कसा होता असे विचारले, तर त्याचे उत्तर ते उपरण्याखालीच देत. त्यांचा युक्तिवाद असा: ज्याचा माल हलका निघाला, त्याने ते चारचौघांत का ऐकावे? भाव सगळ्यांचा असतो. लाज एकट्याची असते. लहानपणी शिवानी पेढीवर येई तेव्हा त्यांनी तिलाही ही भाषा शिकवली होती. शाळेतल्या गुणांवरची वडिलांची टीका तिने आईसमोर कधी ऐकली नाही. ती सगळी तिच्या बोटांनी ऐकली होती.

मन्मथप्पांनी तिची चार बोटे एकत्र धरली. मग अंगठ्याच्या टोकाशी ते घुटमळले, आणि तेवढ्यात पेढीच्या पायरीशी चपला वाजल्या.

आलेले दोघे समाजाच्या यात्रा मंडळाचे होते. अध्यक्ष गुरुलिंगप्पा मन्मथप्पांच्याच वयाचे; त्यांच्याबरोबर मन्मथप्पांचा पुतण्या बसवेश्वर, मंडळाचा चिटणीस. कार्तिकातल्या यात्रेचा महाप्रसाद हे मंडळ करी, आणि त्या महाप्रसादाचे भांडारी होते मन्मथप्पा. गहू, गूळ, डाळ, केळी, सारे काही त्यांनी वास घेऊन निवडायचे आणि कोठीची किल्ली त्यांच्या कमरेच्या करदोट्याला असायची. हा मान त्यांना वारशाने मिळाला नव्हता. एका वर्षी त्यांनी सगळा गूळ परत पाठवला, त्यावरून भांडण झाले, आणि भांडण मिटल्यावर मंडळाने त्यांच्या हाती किल्ली दिली. पेढीपेक्षा त्यांना ती किल्ली प्रिय होती, आणि हे त्यांच्या घरात सर्वांना ठाऊक होते.

चपलांचा आवाज ऐकताच धोंडीरामने बाटली क्रेटांमागे सरकवली होती. मन्मथप्पांनी ती परत काढायला लावली.

"पाव्हने बसू द्या. बाटली हाय तिथं राहू द्या," ते म्हणाले.

बसवेश्वरने मोबाईल पुढे केला. कोणत्या तरी वर्तमानपत्रात पुण्याच्या बिअरविषयी मजकूर आला होता आणि हातात पेला घेतलेल्या शिवानीचे छायाचित्र त्यात होते. समाजाच्या गटावर ते सकाळपासून फिरत होते. बायकांनी विचारले होते की, ज्याची मुलगी दारू गाळते त्याच्या हातचा प्रसाद आम्ही मुलांना कसा द्यावा. बसवेश्वर हे सांगताना शिवानीकडे पाहत नव्हता. ती त्याची धाकटी बहीणच की.

मंडळाने तोड काढली होती, ती पटली नाही तर किल्ली परत द्यायची होती. मन्मथप्पांनी गटावर एक ओळ लिहावी की, मुलगी फळांच्या रसाच्या कंपनीत आहे, छायाचित्रातला पेला रसाचा आहे. रंग पाहता कोणालाही ते पटले असते.

"गढूळ हाय तेच बरं झालं, काका," बसवेश्वर पुटपुटला.

शिवानी उठली. आपण संध्याकाळच्या गाडीने जातो, अप्पांनी काय लिहायचे ते लिहावे, आपल्याला वाईट वाटणार नाही, असे ती म्हणाली. आणि ते खोटे आहे हे तिच्या आवाजावरून धोंडीरामलाही कळले.

"बस," मन्मथप्पा म्हणाले. "तुझा माल अजून मापायचा हाय."

मग त्यांनी गुरुलिंगप्पांना विचारले की, मंडळाच्या नियमांत भांडाऱ्याने पिऊ नये असे आहे, ते आपण पाळले की नाही. पाळले, असे गुरुलिंगप्पांनी मान्य केले. भांडाऱ्याच्या लेकीने काय काम करावे याविषयी काही नियम आहे काय? नाही, असेही मान्य केले. मग आपल्याला काढायचे तर उघड काढा, कारण लिहा, आपण त्याला उत्तर देऊ. पण न केलेल्या नियमासाठी न घडलेली गोष्ट लिहून द्या, हा कोणता न्याय? वाद या वळणावर राहिला असता तर मन्मथप्पा तो जिंकले असते. पण गुरुलिंगप्पा वाद घालायला आले नव्हते.

"माझा धाकटा कशानं गेला, तुमाला ठाव हाय," ते हळू म्हणाले. "खांदा तुमीबी दिलता."

शिवानीने मान खाली घातली. धोंडीरामने हातातला पेला खाली ठेवला, तो पुन्हा उचलला नाही.

"दिलता," मन्मथप्पा म्हणाले. "तुमाला ह्या वासाचा राग येतो, तो खरा हाय. त्याच्यावर माझ्यापाशी उत्तर न्हाई. मलाबी पोरीचा धंदा पसंत न्हाई, तिला इचारा. पन गुरुलिंगप्पा, तुमच्या पोराची बाटली घरात कोन कोन झाकत व्हतं, तेबी आपल्याला ठाव हाय. झाकून कोन वाचलं?"

गुरुलिंगप्पांनी मोबाईल मन्मथप्पांपुढे सरकवला. ते म्हणाले, "एकच ओळ लिवायची हाय, मन्मथप्पा. बाकी सगळं झाकलेलं राहू द्या. जलमभर उपरन्याखाली सौदे केले तुमी."

"लाज झाकली. माल न्हाई झाकला कधी. दोन नंबरचा माल एक नंबर म्हनून लिवला असता, तर तुमी मला किल्ली दिली असती का?"

त्यांच्या उजव्या हातावर उपरणे अजून तसेच होते. त्यांनी ते डाव्या हाताने उचलले आणि गादीवर ठेवले. मग शिवानीचा हात, सगळ्यांना दिसेल असा, आपल्या हातात घेतला. ती तो मागे घेऊ पाहत होती. आजवर तिच्या कोणत्याही गुणांचा निकाल उजेडात लागला नव्हता. त्यांनी तिची चार बोटे धरली, आणि अंगठ्याचे फक्त वरचे पेर चिमटीत पकडले.

"चार, आन एक पेर," ते म्हणाले, मोंढ्यात लिलाव पुकारायच्या आवाजात. शेजारच्या पेढीवरच्या हमालाने वळून पाहिले. "रूप चांगलं. वास एक नंबर, असा मी दुसरा घेतला न्हाई. चव धोंडीरामच्या जबाबदारीवर. पुरं पाच देनार न्हाई."

"का?" शिवानीने विचारले.

"मोसंबी पिवळी व्हती. सालीतलं तेल मेल्यालं. तू साल मागितलती, म्या रसाचं फळ निवडलं; खायाचं म्हनून बघितलं. हिरवं पाठवाय पायजे व्हतं. ते पेर माझं गेलं, तुझं न्हाई."

मग त्यांनी सदरा वर केला आणि करदोट्याची गाठ सोडू लागले. गाठ जुनी होती, सुताला घामाचा कडकपणा आलेला होता. ती नखाने सुटेना. बसवेश्वर पुढे झाला आणि मध्येच थांबला. मन्मथप्पांनी ती आपल्याच हाताने सोडवली. गुरुलिंगप्पांनी किल्ली ओंजळीत घेतली. ती घेताना ते नेमके काय म्हणणार होते कोण जाणे. ते एवढेच म्हणाले की, गुळाचं यंदा अवघड हाय.

"ढेप फोडून मधला भाग हुंगायचा," मन्मथप्पा म्हणाले. "वरून सगळाच गूळ चांगला असतो. बसवेश्वरला दावीन मी, दावाया काय किल्ली लागत न्हाई."

ते दोघे गेले. त्यांच्या चपलांचा आवाज मोंढ्याच्या गलबल्यात मिसळला. बाटलीत उरलेले पेय कोमट झाले होते. शिवानीने ते पायरीखाली ओतले, तेव्हा रस्त्याच्या धुळीतून आढीचा वास क्षणभर वर आला आणि गेला.

धोंडीरामला आपल्या मालाचे आता विचारावे की उद्या, हे समजत नव्हते. अखेर सवयीने त्याने हात पुढे केला आणि उपरण्याची वाट पाहिली. ते आले नाही. मन्मथप्पांनी त्याची तीन बोटे उघड्यावर धरली. त्याने इकडेतिकडे पाहिले, थोडा शरमला, आणि म्हणाला, "तीनच का?"

"मागची क्रेटं हिरवी हायत. उशिरा धरलेल्या झाडाची दिसतेत. बाजारात त्यांना कोन घेनार?"

असे म्हणून ते स्वतःच उठले आणि त्या क्रेटांपाशी गेले. एक हिरवे फळ निवडून त्यांनी सालीवर नख ओढले, नाकाशी नेले, बाजूला ठेवले; दुसरे घेतले, ते परत टाकले; तिसरे ठेवले. शिवानी रिकामी झालेली बर्फाची पेटी त्यांच्याजवळ घेऊन आली आणि ती निवडलेली फळे तीत रचू लागली. अधूनमधून त्यांचा डावा हात कमरेशी जाई, तिथे काही नसे, आणि तो परत येऊन फळ धरी.

"ह्याचे पैसे मी न्हाई घेनार," धोंडीराम म्हणाला.

"घ्यायचे," मन्मथप्पा म्हणाले. "आन पावतीवर लिवायचं, बिअरसाठी."